फोर्सिथ काउंटीत राहताय ना, मग ब्लॅक हिस्ट्री घराजवळूनच सुरू करा

तुमचा प्रश्न असा की जॉर्जियातल्या फोर्सिथ काउंटीत, कमिंगला, घर घेऊन दोन वर्षं झाली, मुलगी सहावीत आहे, शाळेत ब्लॅक हिस्ट्री मंथचं, म्हणजे काळ्या लोकांच्या इतिहासाच्या महिन्याचं, प्रोजेक्ट आलंय, पोस्टर वगैरे ती करेलच पण पालक म्हणून तिला फेब्रुवारीत कुठे न्यायचं, काय दाखवायचं, आणि मुख्य म्हणजे आपण भारतीय लोक अशा कार्यक्रमांना गेलो तर तिथल्या लोकांना खटकणार तर नाही ना. मी मेट्रो अटलांटातल्या एका पब्लिक लायब्ररीत बरीच वर्षं काम करते, लोकल हिस्ट्री आणि कम्युनिटी प्रोग्रॅम्स हेच माझं काम, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात माझ्या डेस्कवर येतच असतो आणि आपल्या मराठी लोकांकडूनही येतो. उत्तर जरा लांबणार आहे, निवांत वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे अटलांटाला जायच्या आधी तुमच्याच कमिंगच्या डाउनटाउनमध्ये जा. तिथे रॉब एडवर्ड्स नावाच्या माणसाच्या आठवणीचा एक फलक आहे, २०२१ च्या जानेवारीत लागलेला. तुम्ही त्याच्यासमोरून गाडी घेऊन कितीदा तरी गेला असाल. तिथे उतरा, मुलीला तो फलक मोठ्याने वाचायला सांगा, दोन्ही बाजूंनी. कारण तुम्ही ज्या काउंटीत घर घेतलंय तिचा इतिहास हा अख्ख्या अमेरिकेतल्या वांशिक अन्यायाच्या इतिहासातला फार ठळक भाग आहे आणि तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. घर बघताना शाळांचं रेटिंग सांगतात, एचओए म्हणजे घरमालकांच्या सोसायटीचे नियम सांगतात, हे कोणी सांगत नाही.

काय झालं होतं ते थोडक्यात. १९१० च्या जनगणनेत फोर्सिथमध्ये १,०९८ काळे लोक होते, एकूण लोकसंख्या बारा हजारांच्या आत. त्यातल्या कितीतरी जणांची स्वतःची शेती होती, चर्च होती. सप्टेंबर १९१२ मध्ये ऑस्करव्हिलजवळ मे क्रो नावाच्या एका गोऱ्या मुलीवर हल्ला झाला आणि पुढे ती त्यात गेली. संशयावरून काही काळ्या तरुणांना पकडलं, त्यातल्या रॉब एडवर्ड्सला जमावाने कमिंगच्या तुरुंगातून बाहेर ओढून मारलं आणि गावाच्या मधोमध खांबाला टांगलं. अर्नेस्ट नॉक्स आणि ऑस्कर डॅनियल ही दोन कोवळी पोरं, त्यांचे खटले एका दिवसात उरकले आणि २५ ऑक्टोबरला हजारो लोकांसमोर त्यांना फाशी दिली. पण एवढ्यावर थांबलं नाही. त्यानंतरचे काही आठवडे रात्री घोड्यांवरून टोळ्या फिरायच्या, घरांवर गोळ्या झाडायच्या, चर्च जाळायच्या, आणि बघता बघता जवळजवळ सगळेच्या सगळे काळे लोक काउंटी सोडून गेले. जमिनी कोणी मिळेल त्या भावात विकल्या, कोणाला तशाच टाकून जावं लागलं आणि मागाहून गोऱ्या शेजाऱ्यांनी त्यांच्यावर टॅक्स भरून त्या आपल्या नावावर करून घेतल्याची उदाहरणं कागदोपत्री सापडतात.

पुढची पंचाहत्तर वर्षं ही काउंटी तशीच राहिली, फक्त गोऱ्यांची. १७ जानेवारी १९८७ ला होझिया विल्यम्स हे मार्टिन लूथर किंग यांचे जुने सहकारी थोड्या लोकांना घेऊन तिथे मोर्च्याला गेले तर त्यांच्यावर दगड आणि बाटल्या फेकल्या गेल्या. ते टीव्हीवर सगळ्या देशाने बघितलं, आणि पुढच्याच शनिवारी, २४ तारखेला, सुमारे २० हजार लोक कमिंगला आले, किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग होत्या, नागरी हक्क चळवळीतले जॉन लुईस होते, अँड्र्यू यंग होते, आणि बंदोबस्ताला नॅशनल गार्ड. हे १९८७ चं आहे हो, म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जण तेव्हा शाळेत होते. आज त्याच काउंटीत अडीच लाखांवर वस्ती आहे, आशियाई लोक साधारण पाच-सहांत एक, त्यात आपले तेलुगू, गुजराती, मराठी सगळे, आणि काळे लोक अजूनही पाच टक्क्यांच्या आत. म्हणून मी म्हणते की मुलीचं प्रोजेक्ट गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनवर करायचं असेल तर जरूर करू दे, पण तिचं खरं प्रोजेक्ट तिच्या बसस्टॉपच्या आसपास आहे.

इथे एक सावधगिरी. लेक लॅनियर या तुमच्याकडच्या धरणाच्या तलावाबद्दल इंटरनेटवर जे व्हिडिओ फिरतात, की काळ्या लोकांचं भरलेलं गाव सरकारने पाण्याखाली घातलं आणि म्हणून तलाव झपाटलेला आहे, ते मुलीला तसंच्या तसं लिहू देऊ नका. ऑस्करव्हिलच्या परिसरातली जमीन तलावाखाली गेली हे खरं, पण ज्याने हा तलाव झाला ते ब्यूफर्ड धरण झालं १९५० च्या दशकात, आणि तिथल्या काळ्या लोकांना बंदुकीच्या धाकाने हाकललं गेलं ते १९१२ मध्ये, म्हणजे त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी. भुताची गोष्ट सांगितली की दोष पाण्याला जातो आणि ज्या माणसांनी हे केलं ती सुटतात. मला या बाबतीत फार राग येतो म्हणून एवढं लिहिलं.

आता घरबसल्या करायची एक गोष्ट सांगते, माझ्या अनुभवात मुलांवर याच्याइतका परिणाम कशाचाच होत नाही, म्युझियमचासुद्धा नाही. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट अकाउंट काढा. तिथे १९१० ची अमेरिकन जनगणना आहे, मूळ पानांचे फोटो. जॉर्जिया, मग फोर्सिथ, मग कुठलाही जिल्हा उघडा आणि पानं उलटत जा. हाताने लिहिलेलं आहे, पहिली दहा मिनिटं काही लागत नाही, मग डोळा बसतो. वंशाच्या रकान्यात डब्ल्यू म्हणजे गोरे, बी म्हणजे काळे, एमयू म्हणजे मिश्र. एक बी असलेलं कुटुंब शोधा आणि ती ओळ डावीकडून उजवीकडे सावकाश वाचा. कुटुंबप्रमुखाचं नाव, बायको, मुलं, वयं. लग्नाला किती वर्षं झाली. मग बाईंच्या पुढे दोन आकडे असतात, एकूण मुलं किती झाली आणि त्यातली हयात किती, तिथे आठ आणि पाच असं काही दिसलं की मुलं आपोआप गप्प होतात. मग धंदा, वाचता येतं का, लिहिता येतं का, आणि शेवटाकडे घर किंवा शेत स्वतःचं की भाड्याचं, ओ की आर. ओ दिसला आणि त्याच्यापुढे एफ असेल तर जमीन कर्जाशिवाय स्वतःची. म्हणजे गुलामगिरी संपून पन्नास वर्षंही झाली नव्हती आणि या माणसाने कर्जमुक्त शेत केलं होतं. आता त्याच काउंटीची १९२० ची जनगणना उघडा आणि तोच रकाना बघत जा. पानामागून पान डब्ल्यू, डब्ल्यू, डब्ल्यू. मुलीला काही समजवावं लागणार नाही. तिला म्हणा की ते कुटुंब १९२० मध्ये कुठे सापडतंय ते शोध, शेजारच्या हॉल काउंटीत, गेन्सव्हिलला, अटलांटात. कधी सापडतं, कधी नाही. सापडलं नाही तर तेही प्रोजेक्टमध्ये लिहायचं.

याला जोड म्हणून डिजिटल लायब्ररी ऑफ जॉर्जियाची जुन्या वर्तमानपत्रांची साइट आहे, तीही फुकट, पण तिथे १९१२ च्या बातम्यांची भाषा फार घाण आहे, आधी तुम्ही वाचा आणि मग ठरवा काय दाखवायचं. न्यू जॉर्जिया एन्सायक्लोपीडियामधले लेख मात्र सहावीच्या मुलीला थेट देता येतील, भाषा सोपी आहे आणि अभ्यासकांनी लिहिलेले असतात. पुस्तकांची यादी इथे देत नाही कारण तुमच्या लायब्ररीत जाऊन मुलीचं वय सांगून विचारलंत तर तिथली चिल्ड्रन्स लायब्रेरियन माझ्यापेक्षा चांगली निवड काढून देईल, तिला शेल्फवर आज काय आहे ते माहीत असतं. फेब्रुवारी लागायच्या आधी जा एवढंच, एकदा महिना सुरू झाला की सगळी चांगली पुस्तकं बाहेर गेलेली असतात आणि होल्डची रांग लागते.

अटलांटाकडे वळू. ऑबर्न अ‍ॅव्हेन्यू. गाडी नॉर्थ स्प्रिंग्जला लावा, मार्टा म्हणजे अटलांटाच्या मेट्रोची रेड लाइन पकडा, फाइव्ह पॉइंट्सला बदला आणि किंग मेमोरियल स्टेशनला उतरा, तिथून चालत जाता येतं, पार्किंगची कटकट नाही. मार्टिन लूथर किंग ज्युनियर नॅशनल हिस्टॉरिकल पार्कला तिकीट नाही. किंग यांचं जुनं एबेनेझर चर्च, किंग आणि कोरेटा यांची समाधी पाण्याच्या मधोमध, व्हिजिटर सेंटरमध्ये ती लाकडी गाडी ठेवलीय जिच्यावरून १९६८ मध्ये त्यांची अंत्ययात्रा निघाली, खेचरं जुंपलेली शेतातली साधी गाडी. जन्मघर डागडुजीसाठी बंद होतं, निघण्याआधी पार्कच्या साइटवर चालू आहे का बघून घ्या. आवारात गांधीजींचा पुतळा आहे, १९९८ मध्ये भारताकडून आलेला, आपली मंडळी तिथे फोटो काढतात आणि निघतात. थोडं थांबा, रस्ता चाला. ऑबर्न अ‍ॅव्हेन्यू हा एके काळी काळ्या लोकांच्या बँका, विमा कंपन्या, वर्तमानपत्रं, हॉटेलं यांनी गजबजलेला रस्ता होता. अलॉन्झो हर्न्डन नावाचा माणूस, १८५८ साली गुलामगिरीत जन्मला, पुढे न्हाव्याचं काम करून पैसा केला आणि १९०५ मध्ये अटलांटा लाइफ ही विमा कंपनी काढली. दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर १९०६ मध्ये, गोऱ्यांच्या जमावाने शहरात काळ्या लोकांची कत्तल केली, त्या रात्री त्याच्या सलूनचीही तोडफोड झाली. आणि पुढे हा सगळा भाग जो उतरणीला लागला त्यात मोठा हात हायवेचा, डाउनटाउन कनेक्टर याच वस्तीच्या छातीवरून नेला. पुलाखालून चालत जाताना मुलीला वर बघायला सांगा, तुम्ही हायवे ४०० वरून खाली येऊन ज्या ७५/८५ ला लागता तोच तो रस्ता.

याच रस्त्यावर ऑबर्न अ‍ॅव्हेन्यू रिसर्च लायब्ररी आहे, १९९४ पासून, आणि ती माझ्या मते या शहरातली सगळ्यात कमी वापरलेली आणि सगळ्यात मोलाची जागा. फुल्टन काउंटीच्या लायब्ररींपैकीच एक, पण पूर्णपणे काळ्या लोकांच्या इतिहासाला आणि संस्कृतीला वाहिलेली. पुस्तकं घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून वाचायची. आर्काइव्हमधली कागदपत्रं बघायची असतील तर आधी कळवून वेळ घ्यायची, बॅग बाहेर ठेवायची, पेन चालत नाही, पेन्सिलच. कोणीही जाऊ शकतं, प्रोफेसर असायची गरज नाही. प्रदर्शनं, लेखकांच्या गप्पा, वंशावळ कशी शोधायची याच्या कार्यशाळा, बहुतेक सगळं फुकट, आणि फेब्रुवारीतच नाही तर वर्षभर. जवळच अपेक्स म्युझियम आहे, १९७८ मध्ये सुरू झालेलं, छोटंसं, पण तिथे जी माणसं माहिती सांगतात ती ऐकण्यासारखी.

आणि भारतातून आईबाबा आले की आपण सगळेच अ‍ॅक्वेरियम आणि वर्ल्ड ऑफ कोका-कोला दाखवतो ना, त्याच आवारात नॅशनल सेंटर फॉर सिव्हिल अँड ह्युमन राइट्स आहे, २०१४ मध्ये उघडलेलं, पण तिकडे आपल्या लोकांचे पाय वळत नाहीत. तिथे एक लंच काउंटर मांडलंय, स्टुलावर बसायचं, हेडफोन लावायचा, दोन्ही हात काउंटरवर ठेवायचे, आणि १९६० मध्ये जे विद्यार्थी गोऱ्यांच्या काउंटरवर शांतपणे बसले त्यांना कानाशी काय काय ऐकावं लागलं ते ऐकायचं. जोराचं आहे. सहावीच्या मुलीला चालेल की नाही हे तुम्ही आधी स्वतः बसून ठरवा, काही मुलं हादरतात. स्टोन माउंटनचंही तसंच, आपण दर वीकेंडला चढायला जातो, पण त्या डोंगरावर कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या, नेत्यांचं जे अवाढव्य कोरीवकाम आहे ते पूर्ण झालं १९७२ मध्ये, म्हणजे नागरी हक्कांचे कायदे होऊन गेल्यावर, आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेची १९१५ मध्ये पुन्हा स्थापना झाली ती याच डोंगरावर. चढायला जाऊ नका असं मी म्हणत नाही, मीही जाते, पण मुलांना सांगून जा.

एक पूर्ण दिवस काढता येत असेल तर माँटगोमेरी, अलाबामा. अटलांटापासून अडीच तासांचा रस्ता, आणि वेळ एक तास मागे जाते हे लक्षात ठेवून निघा. इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या संस्थेने २०१८ मध्ये तिथे लेगसी म्युझियम आणि लिंचिंगमध्ये, म्हणजे जमावाच्या हातून खटल्याविना, मारल्या गेलेल्यांचं स्मारक उभारलं, शांतता आणि न्यायाचं राष्ट्रीय स्मारक. ४,४०० हून जास्त लोकांची नोंद, आठशेवर पोलादी स्तंभ, प्रत्येक स्तंभ एका काउंटीचा, त्यावर नावं आणि तारखा कोरलेल्या. सुरुवातीला स्तंभ तुमच्यासमोर उभे असतात, मग जमीन उतरत जाते आणि स्तंभ वरच राहतात, शेवटी ते तुमच्या डोक्यावर टांगलेले असतात. फोर्सिथ काउंटीचा स्तंभ शोधायला मुलीला सांगा. म्युझियममध्ये बरण्यांची भिंत आहे, जिथे जिथे लिंचिंग झालं तिथली माती स्थानिक लोकांनी स्वतः खणून भरलेली, बरणीवर माणसाचं नाव, काळी माती, लाल माती, वाळू. सहावीच्या वयाला मी आधी स्मारक दाखवेन, मग रोझा पार्क्स म्युझियम, आणि लेगसी म्युझियम दोन-तीन वर्षांनी. एका दिवसात सगळं उरकायचा आपला जो स्वभाव आहे तो इथे नको.

तारखांचं सांगायचं तर फेब्रुवारीला चिकटून बसू नका. १९२६ मध्ये कार्टर वुडसन या काळ्या इतिहासकाराने आठवडाभराचा उपक्रम सुरू केला, लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांचे वाढदिवस ज्यात येतात तो आठवडा, महिना झाला १९७६ मध्ये. वुडसन यांनीच स्थापलेली संस्था आजही दरवर्षी एक थीम जाहीर करते, मुलीच्या शिक्षिकेला ती माहीत असेलच, प्रोजेक्टला उपयोगी पडते. पण त्याआधी जानेवारीचा तिसरा सोमवार, किंग डे, त्या दिवशी अटलांटात मोर्चा निघतो आणि एबेनेझरला मोठा कार्यक्रम असतो. मार्चच्या सुरुवातीला अलाबामातलं सेल्मा, ७ मार्च १९६५ ला एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना बडवलं त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी लोक तो पूल चालतात. १९ जून, जुनटीन्थ, गुलामगिरी संपल्याचा दिवस, २०२१ पासून राष्ट्रीय सुट्टी, परेड, गाणी, खाणं, मुलांना घेऊन जायला सगळ्यात सोपा दिवस. आणि ओकलंड सेमेटरीमध्ये काळ्या लोकांचं दफनस्थळ अलीकडेच नीट केलंय, तिथल्या टूर्स वर्षभर असतात, मला फार आवडतात.

आता तुमचा खरा प्रश्न, आपण जावं का. जावं. तुम्ही लिहिलंय की "आपला काय संबंध असं त्यांना वाटेल", तर संबंध आहे आणि तो तुमच्या पासपोर्टवरच्या शिक्क्यात आहे. १९६५ च्या आधी भारतातून वर्षाला जेमतेम शंभर लोकांना इथे कायमचं येता यायचं. तो कोटा मोडला तो १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि १९६४ चा सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट, १९६५ चा व्होटिंग राइट्स अ‍ॅक्ट आणि हा कायदा एकाच लाटेवर आले, ती लाट उठवली ती अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या आणि सेल्माच्या रस्त्यांवर मार खाणाऱ्यांनी. आपण ज्या हॉटेलात बिनधास्त खोली घेतो त्यामागे अटलांटातल्याच हार्ट ऑफ अटलांटा मोटेलचा खटला आहे, काळ्यांना खोली देणार नाही म्हणून मालक सुप्रीम कोर्टात गेला आणि डिसेंबर १९६४ मध्ये हरला.

आणि आपल्या महाराष्ट्राचे धागेही आहेत, ओढूनताणून आणलेले नव्हेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. बाबासाहेब कोलंबियात शिकले, आणि १९४६ मध्ये त्यांनी काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली, डुबॉइस यांचं उत्तरही आलं. हे डुबॉइस आधी कितीतरी वर्षं अटलांटा युनिव्हर्सिटीत शिकवत होते, ऑबर्नपासून फार लांब नाही. अटलांटातल्याच मोरहाउस कॉलेजचे बेंजामिन मेज, ज्यांना किंग गुरू मानायचे, ते १९३६-३७ च्या हिवाळ्यात भारतात आले तेव्हा वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले होते. १९५९ मध्ये किंग स्वतः मुंबईत मणिभवनला राहिले. आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेचं नाव घेऊन. मुलीला हे सांगा, तिच्या पोस्टरवर एक कोपरा याला देता येईल, वर्गात दुसऱ्या कोणाकडे हे नसेल.

पण एक कळकळीने सांगते. हे धागे घरात आणि मंडळात बोलण्यासाठी आहेत, तिथे गेल्यावर पहिलं वाक्य म्हणून नाहीत. मी कितीदा बघितलंय, कोणी वयस्कर काळ्या बाई आपल्या आजोबांना फोर्सिथमधून कसं पळावं लागलं ते सांगत असतात आणि आपल्यातलं कोणीतरी हात वर करून आमच्याकडेही ब्रिटिशांनी असंच केलं, किंवा आमच्याकडे जात आहे, अशी सुरुवात करतं. त्या क्षणी तो कार्यक्रम त्यांच्या हातातून निसटतो. आणि जातीचं काढायचंच असेल तर आपण त्यात कुठल्या बाजूला होतो हेही काढावं लागेल, तयारी हवी. त्यामुळे पहिल्या दोन-चार वेळा फक्त ऐका. प्रश्न विचारायचा तर त्यांनी जे सांगितलं त्याबद्दल विचारा. शेवटी खुर्च्या आवरायला थांबा, ओळखी तिथे होतात, भाषणाच्या वेळी नाही. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कला आपण जातो तेव्हा जसं पुस्तकं विकत घेतो, रांगेत उभं राहतो, कोणाला शिकवायला जात नाही, तसंच.

चर्चमधल्या कार्यक्रमाला जाणार असाल तर कपडे नीटनेटके, लवकर पोचा, दाराशी स्वागताला जे उभे असतात ते सांगतील तिथे बसा, प्रार्थनेत तोंडाने सामील व्हायची सक्ती नसते पण सगळे उभे राहिले की उभं राहायचं, आणि देणगीची थाळी फिरली की काहीतरी टाकायचं. एबेनेझरला रविवारी पर्यटकासारखं मोबाइल वर करून रेकॉर्डिंग करत बसू नका, ती लोकांची प्रार्थनेची वेळ आहे.

घरातलंही बोलायला हवं. आपण मुलीला किंग यांच्या समाधीवर नेणार आणि परतीच्या वाटेवर एखाद्या वस्तीतून जाताना गाडीचे दरवाजे लॉक कर म्हणणार, किंवा फोनवर मावशीला सांगणार की इथे शाळा चांगल्या आहेत, "तसले" लोक नाहीत, तर मुलगी जे उचलायचं ते बरोबर उचलते. फोर्सिथमध्ये "तसले लोक" का नाहीत हे तिला आता माहीत झालेलं असेल, ती विचारेल, आणि विचारलं पाहिजे.

मंडळात काही करायचं असेल, फेब्रुवारीत शिवजयंती असतेच, त्याला जोडून किंवा वेगळं, तर एक अट पाळा, बाहेरच्या वक्त्याला बोलावलंत तर मानधन द्या. ढोलताशाला, साउंडला, केटररला आपण पैसे देतो आणि इतिहास सांगायला येणाऱ्या काळ्या अभ्यासकाला मात्र "एक्स्पोजर मिळेल" म्हणतो, हे मला अजिबात पटत नाही. किती द्यायचं ते त्यांनाच विचारा. त्यापेक्षा सोपं म्हणजे मंडळाची एक बस करून माँटगोमेरीला जा, ज्यांनी आधीच चांगलं उभं केलंय त्यांना तिकिटाचे पैसे जातील.

शाळेबद्दल. जॉर्जियात २०२२ मध्ये एचबी १०८४ हा कायदा झाला, वंशासंबंधी काही "विभाजक संकल्पना" वर्गात शिकवायच्या नाहीत असा. इतिहास शिकवायला त्याने बंदी केलेली नाही, पण शिक्षक सावध झालेत, तक्रार नको म्हणून हात आखडता घेतात. म्हणून मुलीने फोर्सिथ १९१२ हा विषय घेतला तर शिक्षिकेला आधी एक छोटा ईमेल टाका की हा विषय घरून निवडलाय, आमचा पाठिंबा आहे, आणि माहिती जनगणनेतून आणि स्मृतिफलकावरून घेतलीय. पालकाचा असा लेखी पाठिंबा शिक्षकांना फार कामाला येतो. स्कूल बोर्डाच्या मीटिंगला पुस्तकं काढा म्हणणारे नेहमी बोलायला येतात, पुस्तकं राहू द्या म्हणणारे कमी येतात, तुम्हाला जमलं तर तिथे जाऊन दोन मिनिटं बोला, नागरिक असायची गरज नाही, तुमचं मूल त्या शाळेत आहे एवढं पुरेसं आहे. मोर्च्यांचं म्हणाल तर शांततेच्या, परवानगीच्या मोर्च्याला व्हिसावरचे लोकही जातात, पण एच-वन किंवा ग्रीन कार्डची प्रोसेस चालू असेल तर तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्या, फेसबुकवरच्या सल्ल्यावर विसंबू नका.

आणि बघून झालं, ऐकून झालं, आता हाताने काही करायचंय असं वाटलं तर होझिया हेल्प्स. ज्या होझिया विल्यम्सवर तुमच्या कमिंगमध्ये दगड पडले, त्यांनीच सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अटलांटातल्या भुकेल्यांना जेवण द्यायला ही संस्था सुरू केली, ते गेले २००० मध्ये, काम चालू आहे. थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस आणि किंग डेला मोठं वाटप असतं आणि त्या दिवसांना स्वयंसेवक भरपूर येतात, खरी गरज मधल्या महिन्यांत असते, सामान लावायला, डबे भरायला. साइटवर नाव नोंदवा, मुलीच्या वयाला काय काम देता येईल ते फोन करून आधी विचारा, आणि पहिल्यांदा जाल तेव्हा बंद बूट घालून जा, गोडाउनमध्ये चपला चालत नाहीत.